सहीच्या आधी

प्रिय मुला,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र दोनदा वाचले. रेकॉर्ड कंपनीचा करार आला आहे, ड्रमर सहीसाठी घाईला आला आहे, बास वाजवणारा म्हणतो की गाणी ‘सगळ्यांची’ आहेत, आणि ती लिहिणारा नि गाणारा तू मात्र काय करावे या पेचात पडला आहेस. गातोस चांगले, ते तुला ठाऊक आहे. माझा प्रश्न एवढाच की तो करार तू वाचला आहेस का? आगाऊ रकमेचा आकडा पत्रात तीनदा आला आहे आणि गाण्यांची मालकी कोणाकडे राहणार याबद्दल एक ओळही नाही, म्हणजे तू वाचलेला नाहीस.

जॉन फॉगर्टी हे नाव तू ऐकले असशील. कॅलिफोर्नियातल्या एल सेरिटोचा हा मुलगा. शाळेतले दोन मित्र आणि थोरला भाऊ टॉम यांच्याबरोबर त्याने ‘क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल’ हा रॉक बँड उभा केला. एकट्या १९६९ मध्ये त्यांचे तीन अल्बम आले. बँडची बहुतेक गाणी जॉनने लिहिली, त्यानेच गायली, बांधणीही त्याचीच. पण ऐन विशीत ‘फँटसी रेकॉर्ड्स’च्या ज्या करारावर त्याने सही केली, त्याने गाण्यांची मालकी कंपनीकडे गेली. पुढे त्या करारातून सुटण्यासाठी त्याने क्रीडन्सच्या रेकॉर्डवरच्या स्वतःच्या रॉयल्टीवरही पाणी सोडले. म्हणून म्हणतो, सहीच्या आधी कागद वाच.

याचे टोक १९८५ मध्ये दिसले. त्याचे एक नवे गाणे त्याच्याच १९७० च्या गाण्याची नक्कल आहे, असा दावा कंपनीने ठोकला. जुने गाणे कंपनीच्या मालकीचे असल्यामुळे स्वतःसारखे लिहिल्याबद्दल माणसाला न्यायालयात उभे राहावे लागले! १९८८ मध्ये त्याने साक्षीच्या पिंजऱ्यात गिटार घेऊन ज्यूरीला आपली गाणी कशी घडतात हे वाजवून दाखवले, आणि तो जिंकला. वकिलांच्या खर्चाचा वाद मात्र थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९४ मध्ये त्याच्या बाजूने लागला. ती वर्षे त्याला गाणी लिहिण्यात घालवता आली असती.

माझी गोष्ट तुला अर्धीच ठाऊक आहे. १९९३ मध्ये आमच्या बँडची कॅसेट निघायची होती. ‘सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमचे’ असे छापलेल्या एका पानावर मी उभ्या उभ्या सही केली, कारण खाली रिक्षा थांबली होती आणि मीटर चालू होते. सात वर्षांनी माझी चाल एका जाहिरातीत, दुसऱ्याच्या शब्दांवर ऐकली. त्यानंतर अकरा वर्षे मी ती गाणी कुठेच गायलो नाही, घरीसुद्धा नाही. लोक त्याला खुळेपणा म्हणाले. फॉगर्टीनेही जवळजवळ दीड दशक क्रीडन्सची गाणी तोंडात घेतली नव्हती. १९८७ च्या ४ जुलैला व्हिएतनाम युद्धातल्या सैनिकांसाठी झालेल्या कार्यक्रमात तो ती पुन्हा गायला. आपले गाणे गाऊन दुसऱ्याची तिजोरी भरायची नाही, हा हट्ट मला आजही चुकीचा वाटत नाही. चूक झाली ती त्या आधी, रिक्षाच्या मीटरपाशी.

तुझी आई म्हणेल की आता कायदा बदलला आहे. बदलला आहे, आणि ते बरेच झाले. २०१२ च्या दुरुस्तीनंतर ध्वनिमुद्रणातल्या रचनेच्या रॉयल्टीतला गीतकार-संगीतकारांचा समान वाटा वारसांखेरीज किंवा कॉपीराइट सोसायटीखेरीज (म्हणजे लेखक-संगीतकारांसाठी रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेखेरीज) कोणालाही देता येत नाही. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरतात, क्षेत्र लिहिलेले नसेल तर भारतापुरते धरतात. पण लिहिलेले असेल तर? मग जे लिहिले आहे तेच खरे, आणि ते सहीच्या आधी वाचायचे असते.

आता तुझ्या बास वाजवणाऱ्याकडे वळतो. गाण्याचे शब्द आणि चाल ही एक मालमत्ता, तिचे रेकॉर्डिंग ही दुसरी. चौघांनी मिळून केलेल्या रेकॉर्डिंगचे चार सारखे वाटे कर, त्यात कंजूषपणा नको. शब्द आणि चाल कोणाची, हे मात्र गाण्यागणिक तारखेसह लिहून चौघांच्या सह्या घे. मैत्रीत असले कागद कशाला, असे म्हणू नकोस. क्रीडन्समध्ये सगळी सूत्रे जॉनच्या हाती असल्यामुळे बाकीचे तिघे कुढत राहिले. १९७१ मध्ये टॉम बाहेर पडला, दुसऱ्या वर्षी बँड संपला, आणि १९९० मध्ये टॉम गेला तोवर दोघा भावांचे जुळले नव्हते. जॉनचाही यात दोष होता, हे मला मान्य करायला जड जाते, कारण मीही आमच्या बँडमध्ये तसाच वागलो होतो.

त्याच १९९० मध्ये फॉगर्टी मिसिसिपीत रॉबर्ट जॉन्सन या ब्लूज गायकाच्या थडग्यापाशी गेला होता. कागदावर मालक कोणीही असो, ही गाणी जॉन्सनचीच, हे तिथे त्याच्या मनात आले आणि स्वतःच्या गाण्यांकडेही तो तसाच पाहू लागला. मला हे पटते, पण अर्धेच. आपल्या गाण्यांच्या प्रकाशनहक्कांचा मोठा हिस्सा त्याच्या हाती परत आला तो जानेवारी २०२३ मध्ये, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी.

शनिवारी सकाळी घरी ये. कराराची पूर्ण प्रत आण, परिशिष्टांसह. मोबाइलवरचे फोटो मला वाचता येत नाहीत. बास वाजवणाऱ्यालाही बरोबर घे. ड्रमरला सांग की कंपनीला आणखी पंधरा दिवस मागितले आहेत, आणि ते आजच माग.

तुझा,
काका