पेटी एकट्यानं उघडू नको

चि. बापू,

परवा पारावर तू विचारलंस, "गुरुजी, बाबांच्या पेटीचं काय करू? काका म्हणतात तेरवीच्या आत कागद काढून घे." तिथवर ठीक होतं. पण उठता उठता म्हणालास, "ताईला कशाला त्रास, ती सही देतेच." ते वाक्य दोन रात्री डोक्यातून गेलं नाही, म्हणून लिहितो.

पेटी एकट्यानं उघडू नको. आई, ताई आणि तू, तिघं ओसरीवर बसा, दिवसाउजेडी, आणि एकेक वस्तू बाहेर काढा. काकांना चहा द्या, पण कुलपाला हात लावू देऊ नका.

आत काय निघेल याचा मला अंदाज आहे. सोसायटीचं पासबुक, कापसाच्या चुकाऱ्याच्या जुन्या पावत्या, तुझी दहावीची मार्कशीट आणि एक वही. ती वही सावकाश वाचा. पेरणीच्या वेळी कोणाला तुरीचं बियाणं दिलं, कोणाच्या बैलजोडीवर आपलं वखरण झालं, हे सारं तिथं असणार. सातबाऱ्यावर यातलं काही नसतं रे. आणि कर्जाची धास्ती घेऊ नकोस. बापाकडून जेवढं आलं, तेवढ्यापुरतंच त्याचं कर्ज वारसाच्या अंगावर येतं. कोणी याहून जास्त सांगत असेल तर त्याला माझ्याकडे पाठव.

कागदाचं थोडक्यात सांगतो. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची, ती झाली असेलच. वारसाची खबर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्यायची. मग नोटीस लागते, हरकतीला १५ दिवस असतात, नंतर मंडळ अधिकारी फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावांतला बदल, मंजूर करतो. त्यात तिघांचीही नावं चढव. बँकेत नॉमिनी म्हणून तुझं नाव असेल तर पैसा तुझा झाला असं समजू नको. नॉमिनीनं पैसा उचलायचा आणि वारसांच्या हाती द्यायचा.

वडिलोपार्जित वावरात मुलीचा हक्क मुलाइतकाच, जन्मापासून. कायदा ९ सप्टेंबर २००५ पासून तसा आहे. बाप त्याआधी वारला असला तरीही मुलीचा हा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला सांगितलं. ताईला हे ठाऊक आहे का? नसेल तर तू सांग. तू शिकलेला आहेस, मीच शिकवलंय तुला. सगळं कळल्यावर तिला हक्कसोड करायचंच असेल तर तिची मर्जी. पण तेरवीच्या गर्दीत, रडून डोळे सुजलेल्या बाईपुढे कागद सरकवायचा नाही.

मी सरकवला होता.

१९९६ च्या पोळ्यानंतर माझे वडील गेले. रात्री लाईन नव्हती. कंदील घेऊन मी एकटाच पेटीपाशी बसलो. तंबाखूची चंची, चुन्याची डबी, अडकित्ता आणि काडी दोऱ्यानं बांधलेला चष्मा. चष्म्याच्या घरात चार घड्या घातलेला कागद होता. जाड पेन्सिलीनं लिहिलेलं: "नाल्याकडलं दीड एकर बाईले द्याचं." बाई म्हणजे माझी बहीण.

मी घडी घातली आणि कागद होता तिथं ठेवला. महिनाभरात निबंधकाच्या कचेरीत तिनं हक्कसोड करून दिलं. मी साडीचोळी केली. घरी पुरणपोळी झाली.

आता तू म्हणशील, कागदावर तारीख नव्हती, साक्षीदार नव्हते. बरोबर आहे. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, तेव्हा ते मृत्युपत्र नव्हतंच. शिवाय आमचा खारपाण पट्टा, विहिरीचं पाणी खारं, ओलीत नाही, दीड एकरात तिला पिकणार तरी काय होतं? तिची दोन बाळंतपणं माझ्या घरी झाली. तिच्या पोराच्या फीचे पैसे तीन वर्षं मी भरले. दिवाळीला कधी तिला रित्या हातानं पाठवलं नाही. हा हिशोब मला तोंडपाठ आहे आणि तो मी तिला कधीच सांगितला नाही, कारण तो सांगायचा तर आधी तो कागद दाखवावा लागला असता. ती पाच वर्षांपूर्वी गेली. तिच्या मागं काय काय निघालं ते मला कळलं नाही. मी विचारायला गेलोच नाही.

तेव्हा "ती सही देतेच" हे मला ऐकवू नकोस. देतेच ती. माझीनंही दिली होती, अंगठा नव्हे, चांगली वळणदार सही. माहेर तुटू नये म्हणून बाया काय वाट्टेल त्यावर सह्या करतात, आणि आपण त्याला माया म्हणून मोकळे होतो.

काका रागावतील. रागावू दे. गडी दोन दिवस बोलणार नाही, तिसऱ्या दिवशी कुटाराला बैलबंडी मागायला येईल.

तेरवी बुधवारी आहे ना? ताईला आजच फोन कर. मंगळवारी रात्रीपर्यंत तिला पोचू दे आणि कशासाठी बोलावतोस ते फोनवरच सांग. तोवर पेटीची किल्ली आईच्या पदराला बांधून ठेव.

तुझा,
गुरुजी