कार्डाला दोष देण्याआधी

प्रश्न : ताई, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सहा महिन्यांपूर्वी पीसीत नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं. बाकी पीसी जुनाच, एसएमपीएससुद्धा (पीसीला वीज पुरवणारा डबा, ५५० वॅट). जुने गेम छान चालतात, पण नवा मोठा गेम लावला की पंधरा-वीस मिनिटांत स्क्रीन काळी होते, आवाज तीन-चार सेकंद चालू राहतो आणि मग गेम बंद होऊन डेस्कटॉप दिसतो. कार्डाचं तापमान ७२ अंशांच्या वर जात नाही. दोनदा फॉरमॅट मारला, फरक नाही. एक मित्र म्हणतो रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगांच्या यादीत) 'टीडीआर डिले' वाढव, दुसरा म्हणतो कार्ड गेलं. बाबांकडे पुन्हा पैसे मागायची हिंमत होत नाही. कार्ड खरंच गेलं का?

उत्तर : तुझ्या पत्रावरून तरी कार्ड गेलंय असं मला वाटत नाही. बाबांशी आत्ताच काही बोलू नकोस.

पत्रातलं एक वाक्य मी परत परत वाचलं : स्क्रीन काळी होते, पण आवाज चालू राहतो. हे तू नेमकं टिपलंस. आवाज येतोय याचा अर्थ प्रोसेसर चालू आहे, विंडोज चालू आहे, फक्त ग्राफिक्स कार्ड उत्तर देईनासं झालंय. अशा वेळी विंडोज काय करतं ते समजून घे, म्हणजे मित्रांच्या सल्ल्यांचं काय करायचं ते तुझं तुलाच कळेल. व्हिस्टापासून विंडोजमध्ये यासाठी एक पहारेकरी आहे. कार्डाला दिलेलं काम २ सेकंदांत पुरं झालं नाही आणि कार्डाने ते मधेच थांबवूनही दाखवलं नाही, तर हा पहारेकरी कार्ड अडकलं असं धरतो आणि ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, रीसेट करतो. यालाच टीडीआर म्हणतात. डेस्कटॉप परत येतो तो त्याच्यामुळे. पण रीसेटमध्ये गेमने कार्डाच्या मेमरीत मांडलेलं सगळं सामान पुसलं जातं, म्हणून गेम मात्र कोसळतो. मिनिटभरात पाचापेक्षा जास्त वेळा असं झालं, तर विंडोज सरळ निळी स्क्रीन दाखवतं.

आता 'टीडीआर डिले'चं. तो २ चा १० केलास तर पहारेकरी दहा सेकंद वाट बघेल, इतकंच. कार्ड अडकलं का, हा प्रश्न तिथेच राहतो. थ्रीडी किंवा रेंडरिंगचं काम करणाऱ्यांना कधीकधी त्याचा खरा उपयोग होतो, कारण त्यांचं एकेक कामच लांबलचक असतं. गेमसाठी त्याला हात लावू नकोस, आणि लावला असशील तर पूर्ववत कर.

फॉरमॅटबद्दल मला कळकळीने सांगायचंय. काहीही झालं की फॉरमॅट मारायचा, ही आपल्याकडची जुनी सवय. पण फॉरमॅट मारला की आधीच्या सगळ्या नोंदी जातात, आणि दोष नेमका त्या नोंदींतून सापडत असतो. आता पुढच्या वेळी गेम पडला की आधी घड्याळ बघ आणि वेळ कागदावर लिही. मग विंडोजचं नोंदवहीसारखं काम करणारं इव्हेंट व्ह्यूअर उघडून विंडोज लॉग्जमधल्या सिस्टिममध्ये जा आणि त्याच मिनिटाची ओळ शोध. 'डिस्प्ले' या नावाखाली ४१०१ क्रमांकाची नोंद दिसली, तर ड्रायव्हर रीसेट झाल्याचं पक्कं. त्याच वेळेला 'व्हीया लॉगर'ची (WHEA-Logger) ओळ असेल तर मला जरूर कळव, कारण ती ओळ हार्डवेअरची चूक सांगते. तुझा पीसी झटक्यात बंद होऊन पुन्हा सुरू होत असता, तर 'कर्नल पॉवर ४१' दिसलं असतं. ती नोंद बघून लोक घाबरतात, पण ती फक्त 'पीसी नीट बंद झाला नव्हता' एवढंच सांगते, कारण सांगत नाही.

आणि आता जे तू लिहिलं नाहीस ते विचारते. कार्डाला वीज कशी दिली आहेस?

कार्डावर आठ पिनांची दोन सॉकेट असतील, आणि एसएमपीएसमधून निघालेल्या एकाच केबलची दोन तोंडं तू दोन्हीकडे लावली असशील, असा माझा अंदाज आहे. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, आठ पिनांच्या एका सॉकेटमधून १५० वॅट धरलेले असतात. दोन सॉकेटांचा भार एकाच केबलीच्या तारांवर टाकला, तर सरासरीला ते चालून जातं. अडतं ते झटक्याला. गेममध्ये स्फोट झाला, अचानक मोठं मैदान समोर आलं, की काही मिलिसेकंदांपुरतं कार्ड आपल्या नेहमीच्या भारापेक्षा कितीतरी जास्त वीज ओढतं. हे झटके इतके वाढले की २०२२ च्या एटीएक्स ३.० या एसएमपीएसच्या मानकात सप्लायने ते सोसलेच पाहिजेत, अशी अट घालावी लागली. तुझा एसएमपीएस त्याच्या आधीचा असणार. त्या क्षणी कार्डाला मिळणारे १२ व्होल्ट खाली घसरले की कार्ड गोंधळतं, आणि तुला दिसते ती काळी स्क्रीन.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मुलीच्या पीसीत हुबेहूब हाच त्रास होता आणि मी तिला 'कार्ड गेलं' असं सांगून मोकळी झाले. तिने दुसरं कार्ड घेतलं. आठ दिवसांत तोच त्रास. मग मी केबल उपसून दिव्याखाली धरली. काळ्या प्लगच्या एका भोकाशी प्लास्टिकला फोड आल्यासारखा उंचवटा होता आणि आतली धातूची पिन बाकीच्या सात पिनांपेक्षा जरा मागे सरकली होती. सैल पिन, म्हणून जास्त रोध, म्हणून भार आला की गरम होणार आणि व्होल्ट पाडणार. हलक्या गेमला तेवढी पिन पुरत होती. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली मी, आणि भुर्दंड तिला पडला. तेव्हापासून केबल हातात घेऊन पाहिल्याशिवाय मी कुठल्याही कार्डाबद्दल तोंड उघडत नाही.

तर आधी पीसी बंद कर, भिंतीवरचं बटण बंद कर, पॉवर बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ दे. प्लग काढून प्रत्येक भोक नीट बघ. मग एसएमपीएसमधून दोन स्वतंत्र केबली काढून दोन सॉकेटांना लाव. प्लगची कडी 'टक्' करून बसली पाहिजे, ओढून बघ. एक धोक्याची गोष्ट : एसएमपीएस मॉड्युलर, म्हणजे केबली काढता-घालता येणारा, असेल तर दुसऱ्या एसएमपीएसच्या केबली मित्राकडून आणून लावू नकोस. तोंड सारखं दिसतं, पण सप्लायच्या बाजूच्या तारांची जागा वेगळी असू शकते आणि मग कार्ड खरोखरच जळतं.

एवढ्याने भागलं तर पुढचं वाचायची गरज नाही. नाही भागलं, तर आफ्टरबर्नर या कार्डाची सेटिंगं बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आण आणि गेममध्ये ६० फ्रेमची मर्यादा लाव. असं करून दोन-तीन संध्याकाळी गेम पडला नाही, तर शंका एसएमपीएसवर पक्की होत जाते. मग पॉवर लिमिट आणि फ्रेम पुन्हा पहिल्यासारखं करून फक्त कोअर क्लॉक, म्हणजे कार्डाच्या चिपचा वेग, १०० मेगाहर्ट्झने कमी करून बघ. तेवढ्यानेच थांबलं, तर कारखान्यातून लावलेला वेग तुझ्या कार्डाला झेपत नाही, आणि हे वॉरंटीत सांगण्यासारखं आहे. पण वीज कमी करणं आणि क्लॉक कमी करणं हे दोन्ही प्रयोग एकदम करू नकोस. एका वेळी एकच प्रयोग आणि प्रत्येक प्रयोगापुढे कागदावर तारीख. कंटाळवाणं आहे, कबूल, पण याला आडवाट नाही.

रॅमलाही विसरू नकोस. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगांत) रॅमचा वेग वाढवणारं एक्सएमपी चालू असेल तर एक दिवस बंद ठेवून खेळ. रॅमने चुकीचा आकडा दिला तरी कोसळताना नाव बऱ्याचदा ड्रायव्हरचं येतं.

ड्रायव्हर नव्याने टाकायचाच असेल तर इंटरनेट काढून, सेफ मोडमध्ये जाऊन 'डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर'ने जुना पूर्ण साफ कर आणि मग टाक. इंटरनेट चालू राहिलं तर विंडोज मधेच स्वतःचा ड्रायव्हर घुसवतं. सगळ्यात नवाच हवा असंही नाही, दोन-तीन महिन्यांपूर्वीचाही लावून बघ.

तापमानाचे ७२ अंश चांगलेच आहेत, पण तो कोअरचा आकडा. जीपीयू-झेड किंवा एचडब्ल्यूइन्फो या मोजमापाच्या प्रोग्रॅममध्ये हॉटस्पॉट (चिपचा सगळ्यात गरम भाग) आणि मेमरीचं तापमानही बघ, तुझ्या कार्डावर ते दिसत असेल तर. नोंद फाइलमध्ये जाईल असं सेटिंग करून मग गेम लाव, म्हणजे पडण्याआधीची शेवटची ओळ हाती लागेल. फरमार्क हा कार्डाची कसोटी घेणारा प्रोग्रॅम तासभर चालला म्हणून कार्ड निर्दोष ठरवू नकोस. तो एकसारखा भार टाकतो, आणि तुझी तक्रार भार एकदम वरखाली होण्याची दिसते.

कार्ड खरंच गेलंय अशी शंका मला कधी येते? बायोसच्या स्क्रीनवरही रंगीत चौकोन किंवा ठिपके दिसले, किंवा हेच कार्ड दुसऱ्याच्या धडधाकट पीसीतही तसंच पडलं, तर. तोवर नाही.

प्रश्न : माझ्याकडे १६ जीबी मेमरीचं कार्ड आणि चौदाव्या पिढीचा आय९ प्रोसेसर आहे. काही गेम सुरू होतानाच, शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होत असताना 'आउट ऑफ व्हिडिओ मेमरी' असा संदेश देऊन बंद होतात. दुकानदार मोठ्या मेमरीचं कार्ड घ्या म्हणतात. काय करावं?

उत्तर : कार्ड घेऊ नका. हे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी होईल. शेडर तयार करण्याचं काम प्रोसेसर करतो, तेही सगळे कोअर एकदम जुंपून. त्यात एखादा कोअर चुकला की गेमला भलताच आकडा मिळतो आणि तो 'व्हिडिओ मेमरी संपली' असं सांगून बसतो. तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांमध्ये हा दोष असल्याचं इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि त्याने तो हळूहळू झिजत होता. त्यावरचे मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या दुरुस्त्या, ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२४ मध्ये आले. ते मदरबोर्डच्या बायोसमधून मिळतात, म्हणून बायोस आजच अद्ययावत करा.

पण झालेली झीज बायोसने भरून येत नाही. एक साधी तपासणी करा : बायोसमध्ये परफॉर्मन्स कोअरचा (प्रोसेसरच्या वेगवान कोअरचा) गुणक, म्हणजे वेग ठरवणारा आकडा, दोन-तीन पायऱ्यांनी खाली आणा, म्हणजे ५५ असेल तर ५३. तेवढ्यावर गेम सुरळीत सुरू झाले, तर प्रोसेसरच झिजलाय असं समजा. मोठ्या झिप फाइली उघडताना मधेच चूक येणं हीसुद्धा त्याचीच खूण. इंटेलने या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली आहे. प्रोसेसर बदलून मागा, आणि अर्जात गुणक कमी केल्यावर गेम चालतो हे तारखेसह लिहा.