चार आवडी, एक पदवी आणि बाबांची काळजी

प्रश्न : मी साताऱ्यात एस.वाय.बी.एस्सी.ला आहे, मेजर वनस्पतिशास्त्र. कासच्या पठारावरच्या फुलांची चित्रं काढते. एक वही भरली, दुसरी सुरू आहे. सुट्टीत यूट्यूबवरून पायथन ही संगणकाची भाषा शिकायला घेतली, तीही आवडली. शाळेपासून तबला शिकते, मध्यमा पूर्ण झाली आहे. बाबा दोन वर्षांनी निवृत्त होतील. त्यांना वाटतं, मी एकच काहीतरी धरावं. आत्या तर सगळ्यांसमोर म्हणते, ‘एक ना धड, भाराभर चिंध्या.’ मैत्रिणींचं ठरलंय, माझंच ठरत नाही. यातलं काय सोडू? आणि तबल्याची पुढची, विशारद प्रथमची परीक्षा यंदा देऊ का? ती आणि सेमिस्टर एकाच वेळी येतात. सोबत एका चित्राचा फोटो पाठवते. कृपया नाव छापू नये.

उत्तर : आज काहीही सोडू नकोस. मात्र चारही आवडींना सारखाच वेळ द्यायचा हट्टही धरू नकोस. एखादी आवड पोट भरते, दुसरी त्या कामाला धार लावते आणि एखादी निव्वळ आपली असते, तिच्याकडून काही मागायचं नसतं. कोणती कशासाठी, हे ठरवलं नाही की सगळ्याच अर्धवट राहतात. आत्याच्या बोलण्यातलं तेवढं मी मान्य करतो. बाकीचं मनाला लावून घेऊ नकोस.

ठरवायचं कसं? आवडीतला कंटाळवाणा भाग आपण कुणी न सांगता करतो का, ते बघायचं. तुझ्या चित्राचा फोटो मी मोठा करून पाहिला. सीतेच्या आसवांचं जांभळं फूल. पण तू रंग भरलेलाच नाहीस. छटा पेनाच्या ठिपक्यांनी दिल्या आहेस, फुलाच्या मागचा काटा वेगळा दाखवला आहेस, जमिनीलगतच्या त्या बारीक पिशव्या, ज्यांत हे झाड किडे पकडतं, त्या बाजूला मोठ्या करून काढल्या आहेस आणि खाली 5 मि.मी.ची रेघ ओढली आहेस. ही रेघ ओढायला तुला कुणी सांगितलं होतं? हौसेने फुलं काढणारा माणूस माप देत बसत नाही. हे चित्र वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थिनीचं आहे. तू पत्रात दोन आवडी वेगवेगळ्या मोजल्यास. मला तरी ते एकच काम दिसतंय.

आणि या कामाला जागा आहे. नव्या वनस्पतीचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध करताना कॅमेऱ्याच्या जमान्यातही रेखाचित्र दिलं जातं, कारण फोटोत पाकळीवरची लव, केसरांची मांडणी, बीजकोशाचा छेद एकाच ठिकाणी नीट दिसत नाही. त्यासाठी हातही लागतो आणि विषयही यावा लागतो. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, आघारकर संशोधन संस्थेचं हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह आहे. कॉलेजच्या सरांकडून पत्र घे, आधी परवानगी काढ आणि तिथली जुनी हर्बेरियम शीट्स, म्हणजे वाळवलेली झाडं चिकटवलेले कागद, बघून ये. प्रत्येक शीटवर चिठ्ठी असते : झाड कुठे मिळालं, कधी, कुणी गोळा केलं.

तुझ्या पायथनचं काम इथे सुरू होतं. तुमच्या विभागातही अशी शीट्स कपाटात असतील. त्यातल्या एकाच कुळाच्या शीट्सवरची ठिकाणं आणि तारखा उतरवून काढ, पायथनमध्ये ती माहिती नीट लाव आणि क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये सातारा जिल्ह्याच्या नकाशावर मांड. क्यूजीआयएस फुकट आहे. कुठलं झाड पूर्वी कुठे मिळत होतं आणि आज तिथे आहे का, हे एवढ्यावरून विचारता येतं. तुमच्या नव्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आहे, तोच यासाठी वापर. म्हणजे वेगळा वेळ काढायला नको.

वेगवेगळ्या आवडी एकमेकींच्या उपयोगी कशा पडतात, याचं दामोदर धर्मानंद कोसंबींइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. गोव्यात जन्मलेला हा माणूस पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होता. त्यांनी प्राचीन आहत (ठसे मारून पाडलेली) नाणी अचूक तराजूवर एकेक करून तोलली. नाणं हातोहात फिरताना झिजतं, वजनात किंचित उतरतं. तेव्हा ज्या गटाची नाणी सरासरीने हलकी, तो गट जास्त काळ चलनात होता, असं संख्याशास्त्राने मांडून त्यांनी नाण्यांचा काळक्रम लावला. संस्कृतचा अभ्यास होता तो वेगळाच. इतिहासकाराला हे गणित येत नव्हतं आणि गणित्याला नाण्यांत रस नव्हता. यांना दोन्ही होतं. पण नाणी तोलायचं कंटाळवाणं काम त्यांनी स्वतः केलं, हे विसरू नकोस.

आवडी अशा जुळल्याच पाहिजेत असंही नाही. डॉ. श्रीराम लागू आधी कान-नाक-घशाचे सर्जन होते आणि चाळिशीनंतर पूर्णवेळ रंगभूमीवर आले. डॉ. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करत असतानाच नाटक-सिनेमा करत राहिले. दोघांनीही आधी एक शिक्षण तडीस नेलं होतं, हे बाबांना जरूर सांग.

बाबांविषयी थोडं सविस्तर बोलायला हवं. त्यांचा विरोध तुझ्या चित्रांना नाही. आपला पगार थांबेल तेव्हा मुलगी कुठे असेल, एवढंच त्यांना कळत नाहीये, आणि ही काळजी रास्त आहे. त्यांना ‘मला सगळंच आवडतं’ हे उत्तर देऊ नकोस, कागदावर लिहून दाखव. तीन वर्षांची पदवी पूर्ण करणार, हे पहिलं. नंतर दोन रस्ते. पहिल्या सहा सेमिस्टरना 75 टक्के राखलेस आणि तुमच्या कॉलेजात सोय असेल, तर चौथं वर्ष संशोधनासह ऑनर्सचं करता येतं, आणि मग एम.एस्सी. एका वर्षाची होऊ शकते. नाहीतर तीन वर्षांनंतर नेहमीची दोन वर्षांची एम.एस्सी. घरची ओढाताण झालीच, तर बी.एड. आहे; महाराष्ट्र वनसेवेच्या परीक्षेला वनस्पतिशास्त्राची पदवी चालते. स्पर्धा परीक्षा द्यायची तर मनापासून ठरवून दे. काही ठरत नाही म्हणून पुण्याच्या अभ्यासिकेत वर्षं घालवणारी हुशार मुलं मी पाहतो, तेव्हा जीव तुटतो.

यूजीसीने 2022 पासून एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली आहे. ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर ढीगभर कोर्स आहेत. तुझ्यासारख्या मुलीला हे सगळं खुणावणार. माझं स्पष्ट मत आहे की तू यातलं काहीही आत्ता घेऊ नकोस. अपवाद फक्त जीआयएसच्या, म्हणजे संगणकावर नकाशे मांडण्याच्या एखाद्या कोर्सचा, तोही फील्ड प्रोजेक्ट हातात असताना. मुलाखत घेणारा तुझ्या सर्टिफिकेटांच्या फाइलवरून नजर फिरवेल आणि पुढे जाईल. पण वीस पूर्ण चित्रं आणि स्वतः केलेला एक नकाशा समोर ठेवलास तर तो प्रश्न विचारेल, आणि त्या प्रश्नांची उत्तरं तुझ्याकडे असतील. कासवर फुलं तोडायला बंदी आहे, तेव्हा चित्रं जागेवर बसूनच काढ. सप्टेंबरात शनिवार-रविवारी तिथे जत्रा असते, आठवड्यातली सकाळ गाठ.

आता तबला. त्याला कुठल्याच कामाला जुंपू नकोस. वनस्पतिशास्त्राशी त्याचा संबंध जोडायची गरज नाही, त्यातून पैसे मिळायला हवेत असंही नाही. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात. यंदा सेमिस्टरच्या तोंडावर विशारदचा फॉर्म भरू नकोस, पुढच्या सत्राला भर. गुरुजींना आजच तसं सांग आणि आठवड्याची शिकवणी मात्र एकही चुकवू नकोस. परीक्षा पुढे ढकलली तर चालतं, पण रियाज तुटला की हात बसायला फार दिवस लागतात.