वर्षाला जेमतेम चार हजार किलोमीटर चालणाऱ्या ट्रकचं ऑइल आणि डिझेल फिल्टर कधी बदलायचे?

तुम्ही दिलेली माहिती आधी एकत्र मांडतो. मेकॅनिकल पंपाची जुनी टाटा ४०७. जानेवारी ते मे रांगडा आणि उन्हाळ कांदा घेऊन लासलगावला जाते, जाऊन-येऊन २४ किलोमीटर, वर्षाला साधारण १२० फेऱ्या. किरकोळ कामं धरून ४,००० किलोमीटर. जूनपासून शेडमध्ये उभी, कारण चाळीतला कांदा ट्रॅक्टरने जातो. मिस्त्री म्हणतात १०,००० होईपर्यंत हात लावू नका, भाऊ म्हणतो दर सहा महिन्यांनी सगळं बदला.

माझं उत्तर दोघांपेक्षा वेगळं आहे. इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर वर्षातून एकदा, तेही मे अखेर, गाडी उभी करायच्या आधी. डिझेलचा पहिला फिल्टर दरवर्षी आणि दुसरा, बारीक फिल्टर एक वर्षाआड, पण ते जानेवारीत, गाडी पुन्हा कामाला लागल्यावर. दोन्ही कामं एकाच दिवशी उरकायची सवय कमी चालणाऱ्या गाडीला सोसत नाही.

मिस्त्रींचा आकडा चुकीचा नाही, मोजमाप चुकतंय. बाजार समितीच्या रांगेत इंजिन चालूच असतं. फेरीमागे एक तास धरला तरी वर्षाला १२० तास झाले. आयडलवर, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन चालू, एक तास म्हणजे ऑइलच्या दृष्टीने साधारण ४० किलोमीटर, असा ठोकताळा वापरतात. म्हणजे ४,८०० किलोमीटर मीटरवर न दिसता झाले. मीटरवरचे ४,००० मिळवले की ८,८००. मिस्त्रींच्याच हिशोबाने तुमच्या ऑइलचं आयुष्य वर्षभरात संपत आलेलं असतं.

वर फेऱ्या छोट्या. बारा किलोमीटरमध्ये रेडिएटरचा काटा वर येतो, पण चेंबरमधलं (इंजिनाच्या तळाच्या टाकीतलं) ऑइल नीट तापायला त्याहून वेळ लागतो. डिझेल जळताना पाण्याची वाफ होते, तिचा थोडा भाग पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने खाली उतरतो. ऑइल चांगलं तापलं तर ती ब्रीदरमधून (इंजिनाची वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) निघून जाते, नाहीतर आतच पाणी होऊन बसते. त्यात काजळी आणि थोडं न जळलेलं डिझेल मिसळतं, आम्ल तयार होतं. आम्ल मारण्यासाठी ऑइलमध्ये मुद्दाम घातलेला अल्कधर्मी साठा असतो, तो हळूहळू खर्च होतो. तो संपत आलेलं ऑइल सात महिने बेअरिंगच्या तांबं-शिसं असलेल्या थरावर तसंच बसवून ठेवायचं आणि जानेवारीत नवीन टाकायचं, यात नव्या ऑइलचा काय उपयोग? नुकसान पावसाळ्यात होऊन गेलेलं असतं. म्हणून बदल मे अखेर.

फुल सिंथेटिक टाकलं तर दोन वर्षं चालेल का, असंही विचारलंय. नाही. सिंथेटिक स्वतः सावकाश जुनं होतं हे खरं, पण त्यात उतरणारं पाणी आणि डिझेल तेवढंच राहतं. या इंजिनाला १५डब्ल्यू-४० जाडीचं, सीआय-४ प्लस दर्जाचं साधं ऑइल दरवर्षी, हे जास्त शहाणपणाचं. (शेजारी कोणाची बीएस-६ गाडी असेल तर हा सल्ला त्यांना देऊ नका. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या गाडीला कमी राखेचं, पुस्तकात लिहिलेल्या दर्जाचंच ऑइल लागतं, नाहीतर राखेने डीपीएफ भरतो. शिवाय छोट्या फेऱ्यांत डीपीएफची सफाई अर्धवट राहते, ऑइलमध्ये डिझेल उतरतं आणि डिपस्टिकवर पातळी चक्क वाढते.)

ऑइल काळं झालंय म्हणून खराब, असं डिझेल इंजिनात ठरवू नका. नवीन ऑइलसुद्धा काहीशे किलोमीटरमध्ये काळं होतं. बघायचं ते वेगळं. ऑइल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला फिकट पिवळी, ताकाच्या लोण्यासारखी साय दिसली आणि डिपस्टिक स्वच्छ असेल, तर ते छोट्या फेऱ्यांचं साचलेलं पाणी आहे. तीच साय डिपस्टिकवरही असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर बघावा लागेल, तिथे ऑइल बदलून भागणार नाही. डिपस्टिकला डिझेलचा वास येतोय आणि पातळी वर गेलीय, तर फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा) किंवा इंजेक्टर तपासा.

बदलताना गाडी आधी १५-२० किलोमीटर सलग चालवून आणा. थंड ऑइल काढलं तर गाळ चेंबरच्या तळाला चिकटून राहतो. नट काढल्यावर अर्धा तास निथळू द्या आणि शेवटचं ऑइल कसं येतंय ते बघा: पांढरट धार असेल तर पाणी, चमचमणारे कण असतील तर बेअरिंगचा विषय. चेंबर नटाचा तांब्याचा वायसर प्रत्येक वेळी नवीन घाला. जुना दबून कडक झालेला असतो, मग गळतो, मग नट जास्त आवळला जातो आणि आटे जातात.

ऑइल फिल्टर डब्याचा असेल तर जुन्याची रबरी रिंग ब्लॉकला चिकटून राहिली नाही ना, हे बोटाने चाचपून बघा. दोन रिंगा एकावर एक बसल्या की गाडी सुरू होताच ऑइलचा फवारा उडतो आणि मिनिटभरात चेंबर रिकामा. नव्या रिंगेला ऑइलचं बोट लावा, हाताने फिरवत न्या, रिंग टेकली की पाऊण वळसा. पान्याने आवळायचं नाही. कमी चाललं म्हणून फिल्टर ठेवून फक्त ऑइल बदलण्याचा मोह टाळा. आतल्या रबरी व्हॉल्व्हचं काम इंजिन बंद झाल्यावर ऑइल अडवून धरणं. तो वयाने कडक होतो, फिल्टर रिकामा होतो आणि सकाळी स्टार्टला काही सेकंद बेअरिंग कोरडी फिरते.

भरताना वरच्या खुणेच्या जरा खाली थांबा, इंजिन सुरू करा, प्रेशरचा दिवा विझेपर्यंत रेस देऊ नका. बंद करून दहा मिनिटांनी सपाट जागेवर पुन्हा मोजा. मग एक फेरी मारून या म्हणजे नवीन ऑइल सगळीकडे पोचेल, आणि तेव्हाच शेडमध्ये लावा.

आता डिझेलची बाजू. कागदी फिल्टर शेडमध्ये उभ्या गाडीत नुसत्या दिवसांनी फारसा खराब होत नाही. त्याला मारतं ते पाणी. अर्ध्या टाकीत वर हवा असते. पावसाळ्यात दिवसा-रात्रीच्या तापमानातल्या फरकाने ती दमट हवा आत-बाहेर होते आणि पत्र्यावर दव धरतं. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाला बसतं. पत्रा गंजतो आणि पाणी-डिझेलच्या सांध्यावर जंतूंची काळी बुळबुळीत शेवाळ धरते. जानेवारीत गाडी खड्ड्यांच्या रस्त्याने निघाली की हे सगळं ढवळून फिल्टरकडे येतं. मे महिन्यात नवा फिल्टर लावला असेल तर पहिल्या आठवड्यातच तो चोंदतो. म्हणून उभी करताना टाकी जवळजवळ भरून ठेवा (उन्हात फुगायला बोटभर जागा सोडून), आणि फिल्टर नव्या हंगामात पहिली टाकी संपल्यावर बदला. पहिल्या फिल्टरचा एक नग केबिनमध्ये ठेवा. रांगेत गाडी अडली तर उपयोगी पडेल.

पाणी काढणं मात्र नेमाने करायचं काम. सेडिमेंटर (डिझेलमधलं पाणी साठवणारी वाटी) किंवा फिल्टरच्या तळाचा स्क्रू हंगामात महिन्यातून एकदा, आणि महिनाभर उभी राहिल्यावर सुरू करण्याआधी सोडा. पाण्याच्या पारदर्शक बाटलीत २०० मिलीलीटर घ्या, पंधरा मिनिटं ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर पाणी. खात्री हवी असेल तर पेनची साधी पाण्याची शाई थेंबभर टाका, डिझेलमधून ती खाली उतरून फक्त पाण्यात पसरते. काळे तुकडे दिसले तर टाकी उतरवून धुवावी लागेल. नुसतं जंतूनाशक औषध टाकलं तर मेलेला चोथा सुटतो आणि पाठोपाठ दोन-तीन फिल्टर खातो.

या गाडीत बहुतेक दोन फिल्टर शेजारी-शेजारी असतात. पहिला जाड गाळ आणि पाणी धरतो, दुसरा बारीक कण. काम करण्याआधी बाहेरची माती धुवून पुसून घ्या. दुसऱ्या फिल्टरपुढे फक्त पंप आहे, तिथे पडलेला कण थेट पंपातल्या प्लंजरला (डिझेल दाबणाऱ्या दांड्याला) जातो. ओ-रिंग नवी घाला. मग फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू सैल करून फीड पंपाचा हँड प्रायमर मारत राहा, बुडबुडे थांबून सलग डिझेल येईपर्यंत. स्क्रू आवळा, पंपावरची एअर तशीच काढा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती. तरी धरली नाही तर इंजेक्टरच्या पाइपांचे नट थोडे सैल करून एअर काढता येते. हे फक्त मेकॅनिकल पंपाला. कॉमन रेल (नव्या, इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या) गाडीत तिथे हजार बारच्या वर दाब असतो, धार कातडीतून आत घुसते, तिथे पाना लावायचा नाही.

एक सवय मोडा. पावसाळ्यात रोज सकाळी पाच मिनिटं इंजिन चालू ठेवणं. त्याने ऑइल तापत नाही, उलट रोज नव्या पाण्याची भर पडते. चालवायचीच तर महिन्यातून एकदा २० किलोमीटर रस्त्यावर, नाहीतर बंदच राहू द्या.

निघालेलं जळकं ऑइल डब्यात बंद करून गॅरेजला द्या, विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नका. आणि बदलल्याची तारीख व किलोमीटर केबिनच्या दाराच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवा. पुढच्या वर्षी मिस्त्री बदललेला असला तरी हिशोब तिथे वाचता येईल.