'सुभक्ती' म्हणजे देवासारखं होणं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मंडळीतल्या तरुणांच्या बायबल स्टडीसाठी एक पुस्तिका करायचीय, विषय 'रोजच्या जगण्यात देवासारखं होत जाणं'. हाताशी असलेल्या इंग्रजी मटेरियलमध्ये पानोपानी 'गॉडलीनेस' आहे आणि मराठी बायबलात त्या जागी 'सुभक्ती' दिसते. मग सुभक्ती म्हणजेच देवासारखं होणं असं धरून चालायचं का, आणि मुळात 'भक्ती' हा चांगला शब्द असताना त्याला 'सु' कशाला चिकटवला?

आधी त्या 'सु'चं बघू, ते सोपं आहे. नव्या कराराच्या, म्हणजे बायबलाच्या दुसऱ्या भागाच्या, मूळ ग्रीकमध्ये शब्द आहे 'युसेबिया'. त्यातला 'यु' म्हणजे चांगलं, नीट, आणि पुढचा भाग आदराचा, म्हणजे ज्याच्यापुढे माणूस आपोआप सावरून उभा राहतो तसला आदर. भाषांतरकारांनी तुकड्याला तुकडा जोडून सु + भक्ती केलं. आणि हे जोडकाम दिसतं त्यापेक्षा जास्त चपखल बसलंय, कारण ग्रीक 'यु' आणि संस्कृत 'सु' हे एकाच मुळातून आलेले उपसर्ग मानले जातात, म्हणजे लांबच्या भावंडांची गाठ पडल्यासारखं झालं.

आता खरी गोम. 'युसेबिया'त 'देव' हा शब्दच नाहीये! इंग्रजी शब्दात 'गॉड' आहे आणि त्याला लागलेला 'ली' हा प्रत्यय जुन्या इंग्रजीत 'सारखा' अशाच अर्थाचा होता, त्यामुळे इंग्रजी वाचणाऱ्याला तो शब्द फोडला की 'देवासारखेपणा' दिसतो आणि मग त्यावर अख्खं प्रवचन उभं राहतं. मूळ शब्दात तसं काही नाही. तिथे आहे ती देवाच्या बाबतीत ठेवायची योग्य ती आदरबुद्धी आणि त्या आदरातून येणारी वागणूक. तेव्हा प्रश्नाच्या पहिल्या भागाचं उत्तर 'नाही' असंच द्यावं लागेल, आणि मराठी शब्द इथे इंग्रजीपेक्षा मुळाच्या जवळ आहे हेही सांगायला हरकत नाही.

पण मग भक्ती आणि सुभक्ती यात फरक काय, नुसता चांगल्या-वाईटाचा? मला विचाराल तर फरक व्याकरणात पकडता येतो. भक्ती आपण 'करतो', आणि ती कुणाची तरी करतो, देवाची, गुरूची. सुभक्ती 'करतो' असं म्हणून बघा, जीभ अडखळते. मराठी बायबलात २ तीमथ्य ३:१२ला (म्हणजे तीमथ्याला लिहिलेलं दुसरं पत्र, अध्याय ३, वचन १२) 'सुभक्तीने आयुष्यक्रमण' करण्याची भाषा आहे, म्हणजे शब्द तृतीयेत गेला. भक्तीसाठी वेळ काढता येतो, सकाळचा अर्धा तास, रविवारचा दीड तास. तृतीयेतल्या शब्दासाठी वेगळा वेळ कुठून काढणार, तो क्रियेलाच चिकटलेला असतो, जे काय चाललंय ते त्याने चालायचं, मग ते ऑफिसातलं ईमेल असो नाहीतर मुलांवर ओरडणं असो.

यासाठी १ तीमथ्य ५:४ जरूर बघा, कारण तिथे याच शब्दाचं क्रियापद असं काही वापरलंय की आपण चमकतो. विषय विधवांचा चाललाय. ज्या विधवेला मुलं-नातवंडं आहेत तिची जबाबदारी त्यांनी आधी घ्यावी, आईवडील-आजीआजोबांचं ऋण फेडावं, असं पत्र लिहिणारा पौल सांगतो, आणि घरच्यांशी असं वागण्याला तो जे क्रियापद वापरतो ते 'युसेबिया'च्याच घरातलं. म्हणजे म्हाताऱ्या आईचा औषधपाण्याचा खर्च कोण करणार यावरून भावाभावांत जे काही चालतं ना, ते या शब्दाच्या हद्दीत येतं. ग्रीकांना यात नवल वाटलं नसतं, त्यांच्याकडे हा शब्द देवांबद्दल चालायचा तसाच आईबापांबद्दलही चालायचा. आपल्याला नवल वाटतं कारण भक्ती म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मिटलेले डोळे येतात.

बरं, ग्रीकमध्ये हे नाम नव्या करारात एकूण १५ वेळा येतं, त्यातलं ८ वेळा एकट्या १ तीमथ्यात आणि येशूचं चरित्र सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांत मिळून एकदाही नाही. म्हणजे येशूच्या तोंडी हा शब्द नाहीच. त्याच पत्रात ४:७ला 'सुभक्तीविषयी कसरत कर' असं आहे आणि ही कसरत आपल्याकडच्या 'तारेवरची कसरत' मधली समजू नका, सरळ आखाड्यातली आहे, मूळ क्रियापद तेच ज्याच्या कुळातून आजचं 'जिम' आलं.

मग 'देवासारखं होणं' यासाठी बायबलात शब्द कुठले? इथे जरा जपून, कारण 'तुम्ही देवासारखे व्हाल' हे वाक्य बायबलात पहिल्यांदा येतं ते सापाच्या तोंडी, उत्पत्तीच्या ३ऱ्या अध्यायात. म्हणून पुष्कळ ख्रिस्ती माणसं हा वाक्प्रयोग करताना बिचकतात आणि 'ख्रिस्तासारखं' म्हणतात. पण त्याआधी, १:२६ला, देव स्वतःच माणसाला आपल्या 'प्रतिरूपाचा' आणि आपल्याशी 'सदृश' असा निर्माण करायचं बोलतो. म्हणजे सारखेपणा आधीच दिलेला आहे, साप तोच परत विकायला आणतोय, फक्त वेगळ्या मालासकट, बरंवाईट ठरवायचा अधिकार आपल्या हाती घ्यायचा म्हणून. (साप सेल्समन म्हणून चांगलाच, यात वाद नाही.)

नव्या करारात देवाचं अनुकरण करा असं थेट एकाच जागी म्हटलंय, इफिसकरांस ५:१. ही ओळ बहुतेक वेळा एकटीच, पोस्टरवर छापल्यासारखी वाचली जाते, पण ती 'तर मग' ने सुरू होते आणि अध्यायांचे आकडे पत्र लिहिल्यानंतर हजारेक वर्षांनी पडलेत, तेव्हा मधली भिंत काढून ४:२५ पासून सलग वाचा. खोटं बोलू नका. राग आला तरी सूर्य मावळायच्या आत सोडा. चोरी करणाऱ्याने ती सोडून हाताने काम करावं, कशासाठी, तर गरजवंताला द्यायला काहीतरी असावं म्हणून. तोंडातून कुजकं बोलणं निघू नये. एकमेकांना क्षमा करा, जशी देवाने तुम्हाला केली. तर मग देवाचं अनुकरण करा. अनुकरण म्हणजे काय याचा सगळा तपशील आधीच देऊन झालाय.

'पवित्र' या शब्दाचंही असंच होतं. मराठीत पवित्र म्हटलं की सोवळं, धुतलेलं, हात लावू नये असलं काहीतरी मनात येतं. लेवीय १९ची सुरुवात 'पवित्र व्हा, कारण मी पवित्र आहे' अशी होते आणि पुढे काय येतं? शेताच्या कडेचं पीक गरिबांसाठी ठेवा, मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवून घेऊ नका, बहिऱ्याला शिव्या देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नका, वजनमापं खरी ठेवा. बहिऱ्याला शिवी ऐकू येणार नाही आणि आंधळ्याला दिसणार नाही कुणी ठेवलं ते, हे दोन नमुने निवडणाऱ्याला माणसं चांगली ठाऊक होती! सोवळ्याशी याचा संबंध लावायला तुम्हाला पुस्तिकेत एक परिच्छेद तरी लागेल, तो जरूर घाला.

आपल्या बोलीत 'देवासारखा' कधी येतो ते पण बघा, 'देवासारखा धावून आलास'. सामर्थ्य, सर्वज्ञता यातलं काही नाही, ऐनवेळी मदतीला आला एवढंच. मत्तय ५:४८ला स्वर्गीय पित्यासारखं 'पूर्ण' व्हा म्हटलंय तिथे लूक ६:३६ला 'दयाळू' आहे, त्यामुळे आपला हा वाक्प्रचार बायबलाच्या अगदी शेजारी बसतो. उलट 'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' ही म्हण इथे वापरायचा मोह होईल, तो आवरा. घाव सोसण्यापर्यंत ठीक, इब्री १२मध्ये शिस्तीबद्दल तसलं आहेच, पण 'देवपण' नको. पाश्चात्त्य चर्चमध्ये या होत जाण्याला 'पवित्रीकरण' म्हणायची रीत आहे. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चला यापुढे जायला संकोच नाही, ४थ्या शतकातला अलेक्झांड्रियाचा अथनेशियस तर देव माणूस झाला तो माणसाने देव व्हावं म्हणून, अशा आशयाचं बेधडक लिहून गेला, पण तो संदर्भ न देता देवपण लिहिलंत तर वाचणारा दगडाच्या मूर्तीकडे जाणार.

मला स्वतःला २ पेत्र १:४ मधला 'वाटेकरी' फार आवडतो, देवाच्या स्वभावाचे वाटेकरी. लगेच खाली विश्वासात अमुक घाला, त्यात तमुक घाला अशी चढती माळ आहे आणि तिच्यात सुभक्ती येते, आणि त्या सुभक्तीत पुढे बंधुप्रेमाची 'भर' घालायची, म्हणजे सुभक्ती हा मुक्काम नसून मधलं स्टेशन. आणि 'भक्ती' ज्या 'भज्' धातूपासून आली त्याचा एक जुना अर्थ वाटून घेणं, वाटा मिळणं हाच आहे, 'भाग' आणि 'विभक्त' त्याच धातूचे. ग्रीकमध्ये या दोन शब्दांचा असा काही संबंध नाही, हा योगायोग फक्त मराठी वाचकाच्या वाट्याला आलाय.

शीर्षकाच्या क्रियापदाबद्दल थोडं. 'बनणे' नको, हिंदीचा वास येतो. 'होणे' मध्ये काम एका झटक्यात उरकतं. 'होत जाणं' तुम्ही लिहिलंय तेच ठेवा, २ करिंथ ३:१८ मधलं ग्रीक क्रियापद चालू वर्तमानाचं आणि कर्मणी आहे, आपलं रूपांतर 'होत आहे', आपण ते करत नाही. पण म्हणून हात बांधून बसायचं का, तर त्यासाठी फिलिप्पै २:१२-१३ बघा, मराठीत तिथे 'आपले तारण साधून घ्या' आहे आणि लगेच देव 'साधून देणारा' आहे. ग्रीकमध्ये ती दोन वेगळी क्रियापदं आहेत, मराठीने एकच धरून नुसत्या घे आणि दे वर काम भागवलं, आणि हे करतो कोण, माणूस की देव, या ज्या वादावर थिऑलॉजीची कपाटं भरलीत तो दोन सहायक क्रियापदांत मांडून ठेवला.

तेव्हा सापाच्या वाक्याची आठवण नको म्हणून शीर्षक 'ख्रिस्तासारखं होत जाणं', आत जिथे ग्रीक 'युसेबिया' असेल तिथेच सुभक्ती, आणि इंग्रजी मटेरियलमध्ये 'गॉडलीनेस' दिसला की दरवेळी वचन उघडून खात्री करायची, आंधळेपणाने फाइंड-रिप्लेस मारू नका. शुद्धलेखनाचं विचारलं नाहीत तरी सांगतो, सुटा शब्द 'सुभक्ती' दीर्घ, 'सुभक्तीने' पण दीर्घ, मात्र 'सुभक्तिमान' मध्ये ऱ्हस्व. जुन्या छपाईत 'सुभक्ति' दिसेल, ती १९६२च्या नियमांआधीची पद्धत आहे, अवतरण देताना तुमच्याकडच्या आवृत्तीत जसं असेल तसंच ठेवा.