‘४.५ रिश्टर स्केल तीव्रतेचा धक्का’ असे लिहावे काय?

औसा तालुक्यातील एका वाचकांची पृच्छा अशी आहे की, ‘हिंगोली जिल्ह्यात ४.५ रिश्टर स्केल तीव्रतेचा धक्का’ ही वर्तमानपत्रांतील नेहमीची वाक्यरचना बरोबर आहे काय, आणि ही मोजणी दहाच्या पुढे जात नाही हे खरे काय.

रिश्टर स्केल हे यंत्र नव्हे आणि एककही नव्हे. ती श्रेणी आहे. लातुरात ‘चाळीस सेल्सिअस स्केलचे ऊन पडले’ असे आपण म्हणत नाही, तेव्हा ‘४.५ रिश्टर स्केलचा धक्का’ हेही टाळावे. शिवाय चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ साली कॅलिफोर्नियातील भूकंपांसाठी बसवलेली ती मूळ श्रेणी मोठ्या भूकंपांना अपुरी पडते. त्यांच्यासाठी आता कानामोरी आणि हँक्स यांनी १९७९ मध्ये मांडलेली आघूर्ण श्रेणी (इंग्रजीत ‘मोमेंट मॅग्निट्यूड’) वापरतात. बातमीत मात्र रिश्टर यांचे नाव सवयीने टिकून आहे.

‘तीव्रता’ या शब्दाचा घोटाळा याहून मोठा आहे. भूगर्भात मुक्त झालेल्या ऊर्जेवरून ठरते ते भूकंपाचे परिमाण, आणि ते एका भूकंपाचे एकच असते. (काही जण ‘महत्ता’ म्हणतात, मला त्यात थोरवीचा वास येतो.) एखाद्या ठिकाणी जमीन किती हादरली आणि घरादारांचे काय झाले यावरून ठरते ती तीव्रता, आणि ती गावागणिक बदलते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या किल्लारी भूकंपाचे परिमाण ६.२ होते, म्हणजे जगाच्या मानाने मध्यमच. पण उगम उथळ, लोक झोपेत, आणि घरे दगडमातीची. आतल्या-बाहेरच्या दोन थरांना बांधून ठेवणारे आडवे दगड नसलेल्या जाड भिंती, आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा भार पेललेले माळवद! किल्लारी आणि सास्तूर येथे गावेच्या गावे ढिगारा झाली, तर तोच भूकंप हैदराबादेत केवळ जाणवला. परिमाण एक, तीव्रता दोन. त्या रात्री सुमारे दहा हजार माणसे गेली, ती ६.२ या आकड्याने समजत नाहीत; ‘तीव्रता’ हा शब्द त्या ढिगाऱ्यांसाठी राखून ठेवावा, असे माझे मत आहे.

हिंगोलीच्या २०२४ मधील ४.५ च्या धक्क्याशी किल्लारीची तुलना करताना दोन आकड्यांची वजाबाकी करून थांबू नये. परिमाण एकाने वाढले की यंत्रावर नोंदल्या जाणाऱ्या लहरींचा आयाम, म्हणजे त्यांची उंची, दहापट होतो आणि ऊर्जा सुमारे बत्तीसपट. त्या हिशेबाने १.७ चा फरक म्हणजे साधारण साडेतीनशेपट ऊर्जा.

राहिली कमाल मर्यादेची गोष्ट. बारा पायऱ्यांची आहे ती मर्केली श्रेणी, आणि ती तीव्रतेची. परिमाणाच्या श्रेणीला वरची कड नाही. कड आहे ती खडकातील भ्रंशाच्या, म्हणजे ज्या भेगेवर खडक सरकतात तिच्या, लांबीरुंदीला. चिलीत १९६० साली सुमारे हजार किलोमीटर लांबीचा भ्रंश सरकला, तेव्हा ९.५ ची नोंद झाली आणि आजवर तीच सर्वांत मोठी आहे. दहाचा भूकंप व्हायचा तर याहून कितीतरी लांब भ्रंश एकाच वेळी सरकावा लागेल, आणि तसा सलग भ्रंश पृथ्वीवर आढळलेला नाही. श्रेणीला खालची कडही नाही: अतिसूक्ष्म धक्क्यांचे परिमाण शून्याखाली जाते, तेव्हा एखाद्या तक्त्यात उणे चिन्ह दिसले तर तो मुद्रणदोष समजू नये.