रोज रियाज, तरी तान तिथेच अडते

"रोज दोन तास बसते मॅडम, तरी तान, म्हणजे स्वरांची वेगवान लड, तिथेच फुटते. माझ्यात मुळात गुणच नसावा." ग्वाल्हेरच्या लश्कर भागातली ही गाण्याच्या 'विशारद' परीक्षेची विद्यार्थिनी. सोबत आलेल्या बाबांची खंत निराळीच: "ग्वाल्हेरात राहून सपाट तान येत नाही म्हणजे काय!" सरळ चढत-उतरत जाणारी ही तान ग्वाल्हेर घराण्याची ओळखच.

मी गाणं शिकवत नाही; सराव कुठे अडतो, तेवढं पाहते. आठवडाभराचा रियाज फोनवर रेकॉर्ड करून आण, एवढंच तिला सांगितलं. ऐकला तर यमन राग रोज पहिल्यापासून शेवटपर्यंत. संथ लयीतला बडा ख्याल सुरेख. द्रुतात, म्हणजे जलद लयीत, 'निरेगमधनि' घेत वर चढताना मात्र तीव्र मध्यम (यमनातला चढा 'म') खाली घसरायचा, आणि ही तशीच पुढे रेटून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायची. दोन तासांत त्या जागेच्या वाट्याला मिनिटभरही येत नव्हतं. हा आळस नव्हे. पलीकडच्या खोलीत बाबा ऐकत असत; त्यांच्या कानावर तोच स्वर पुन्हा पुन्हा बेसूर कोण घालणार?

मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली बर्लिनच्या व्हायोलिनवादकांचा अभ्यास मांडला. पुढे त्यातले सरावाचे 'दहा हजार तास' तेवढे गाजले. नेमकी उणीव धरून, जाणत्याच्या सल्ल्याने, लक्ष देऊन केलेला सराव हा मुद्दा मागेच राहिला. अर्थात सगळं मेहनतीवरच असतं, असंही मी पालकांना सांगत नाही. अनेक अभ्यासांच्या २०१४ च्या एका एकत्रित विश्लेषणात माणसामाणसांतल्या संगीत-कौशल्याच्या फरकापैकी साधारण २१ टक्केच अशा सरावाशी जुळला.

तिच्या गुरुजींनीच जागा ठरवून दिली. सुरुवातीची वीस मिनिटं फक्त ते सहा स्वर: तानपुरा लावून आधी मात्रेला एक, मग दोन, मग चार. मध्यम घसरला की लय कमी करायची. लगेच रेकॉर्डिंग ऐकायचं आणि काय चुकलं ते वहीत एका ओळीत लिहायचं. लक्ष उडालं की उठायचं, तास भरत बसायचं नाही. त्या वेळात बाबांनी फिरायला जायचं. हे त्यांना फारसं रुचलं नाही, पण जातात.

आता दुगुनीत (मात्रेला दोन स्वर) मध्यम जागेवर राहतो, चौगुनीत (मात्रेला चार) अजून नाही. परवाची तिची नोंद होती: "स्वर बरोबर, पण वरच्या सा आधी श्वास संपतो. गुरुजींना विचारणे."